सात कलमं आणि दोन शमादानं

वर्षातले सहा महिने ताईच्या घरात दोन पाहुणे मुक्कामाला असत, आणि ते असेपर्यंत घरच्यांनी श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. पाहुणे हातभर उंचीचे. खाली पांढऱ्या संगमरवराची गोल बैठक, बैठकीला चिमुकले सोनेरी पाय, वर ब्राँझचं, सोन्याचा मुलामा दिलेलं पंखवालं बाळ, आणि बाळाच्या हातात मेणबत्ती खोचायची वाटी. एक बाळ डावीकडे बघायचं, दुसरं उजवीकडे. फ्रेंच, दोनशे वर्षांपूर्वीची शमादानं. खरी, अस्सल. त्यात आजवर एकदाही मेणबत्ती लागली नव्हती हे वेगळं.

ही ब्याद बाबांनी घरात आणली. ब्यादच म्हणायची, दुसरा शब्द नाही. बाबा नोंदणी कार्यालयात हेडक्लार्क. एक जुनं हॉटेल बंद पडलं, त्याचं सामान विकायला काढलं, तेव्हा आईने त्यांना कपड्यांचं कपाट आणायला पाठवलं होतं. बाबा संध्याकाळी परत आले ते दोन काखांत दोन बाळं घेऊन. आई म्हणाली, "आणि कपाट?" बाबा म्हणाले, "कपडे काय, दोरीवरही राहतात." त्यानंतर त्या घरात कपडे दोरीवर राहिले आणि शमादानं काचेच्या कपाटात. म्हणजे कपाट आलं, पण ते या दोघांसाठी!

जाताना तरी बाबांनी सुटका करावी की नाही? मुलगी एक, मुलगा एक, शमादानं दोन. पहिलीतल्या पोरालाही हा हिशोब सुटला असता. पण हेडक्लार्क माणूस, त्याला सरळ हिशोब कसा मानवणार? बाबांनी टाइप करून सात कलमं ठेवली. जोडी मोडायची नाही. सहा महिने मुलीकडे, सहा महिने मुलाकडे. हवाली करणं पहिल्या रविवारी, दुपारी चार वाजता, दोघांच्या समक्ष, वहीत स्थिती नोंदवून. मेणबत्ती लावायची नाही, फडकं लावायचं नाही, फक्त मऊ कोरडा ब्रश. आणि पाचवं कलम, ज्याच्या खाली लाल रेघ होती: ज्याच्या ताब्यात असताना वस्तूला इजा होईल, त्याचा हक्क कायमचा संपला. खाली दोघा भावंडांच्या सह्या. अकरा वर्षं झाली, कलमं शाबूत आणि ताईचा जीव मेटाकुटीला.

कारण ताईचा धंदा कपडे अल्टर करण्याचा. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, बारीक झालेल्यांच्या आत घ्यायच्या, जाड झालेल्यांच्या बाहेर सोडायच्या. मशीन पुढच्या खोलीत, खिडकीशी, जिथे उजेड. पण कापडाचे तंतू उडून बाळांच्या केसांत बसतात, म्हणून सहा महिने मशीन आतल्या बोळात, जिथे सुईत दोरा ओवायला दिवसाढवळ्या बल्ब लावावा लागतो. पंखा एकवर. पडदे ओढलेले. नातवंडं आली की त्यांना पुढच्या खोलीत हात मागे बांधून उभं करायचं. "भीक नको पण कुत्रं आवर," ताई दर आठवड्याला म्हणायची. म्हणायची, आणि दर सकाळी मऊ ब्रश घेऊन बाळांचे कान साफ करायला बसायची.

याला एक कारण होतं, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. छोटू वर्षातून दोनदा तिच्या घरी यायचा तो या शमादानांमुळे. एकदा न्यायला, एकदा पोचवायला. छोटू म्हणजे धाकटा भाऊ. वय चौपन्न, दारातून तिरका होऊन आत येणारा देह, चष्म्याचं दुकान. आई-बाबा गेल्यावर दोघांमध्ये भांडण असं नव्हतं, पण बोलणंही असं नव्हतं. शमादानांची ने-आण होती, तेवढी होती.

तर यंदाची हवाली रविवारी. आणि शुक्रवारी दुपारी ताई एका गिऱ्हाइकाचा कोट पोचवून घरी आली, तर पुढच्या खोलीत वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर उजवीकडे बघणारं बाळ, शेजारी पितळ चकचकीत करायच्या पॉलिशचा उघडा डबा, आणि नवरा मांडी घालून बसलेला, कपाळावर घाम, चेहऱ्यावर कृतार्थता.

"बघ," तो म्हणाला, "अर्धं झालं. उरलेलं आणि दुसरं जेवण झाल्यावर घेतो."

ताईच्या हातातून पिशवी पडली.

"अहो, काय केलंत हे?"

"काय केलं म्हणजे? घासलं! किती मळकट होतं गं ते. रविवारी भावाच्या हातात द्यायचंय, म्हटलं जरा माणसात आणू."

नवरा अग्निशमन दलातून निवृत्त झालेला. तीस वर्षं त्याने पितळी नोझल, पितळी घंटा आणि पितळी बिल्ला आरशासारखा ठेवला होता. साहेबाला त्यात आपल्या दाढीचा खुंट दिसला पाहिजे, असा दंडक. निवृत्त झाल्यापासून हाताला नुसती खाज. घरातल्या नळांच्या तोट्या, दाराच्या कड्या, शेजाऱ्यांच्या दाराच्या कड्या, सगळं घासून झालं होतं. अकरा वर्षं त्या निस्तेज बाळांकडे बघून त्याचा जीव तळमळत होता, आणि शुक्रवारी बायको बाहेर गेल्यावर संयमाने राम म्हटला.

"तो मळ नव्हता हो!" ताई खालीच बसली. "अंग निस्तेज, कडा तेवढ्या चकचकीत, असंच ठेवलेलं असतं ते. मुद्दाम! बाबांनी शंभरदा सांगितलं होतं. फडकं लावायचं नाही, कलम चार!"

"मी कलम नाही वाचलं. सही तुझी आहे."

"बघा तरी, बघा! गाल बघा त्याचा!"

बाळाचा एक गाल, एक खांदा आणि अर्धा पंख नव्या तोटीसारखा पिवळाधमक झाला होता. बाकीचं बाळ जुन्या, मंद, मधासारख्या सोन्याचं. नवऱ्याने डोकं तिरकं करून पाहिलं आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर शंका आली.

"सगळं घासलं तर एकसारखं होईल," तो म्हणाला.

"हात लावाल तर हात तोडीन!"

त्याने डब्याचं झाकण लावलं. मग अगदी हळू म्हणाला, "मी तुझ्यासाठीच करत होतो गं. दर वेळी ती वही घेऊन तुला परीक्षेला बसवतात." आता या माणसावर रागवायचं तरी किती? ताईने तरी रागवून घेतलं, कारण दुसरं काही हातात नव्हतं.

सगळ्यात वाईट म्हणजे लपवायची सोय नव्हती. छोटू चष्मेवाला, केसाएवढी चीर त्याला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसायची. त्याची बायको वाचनालयात कामाला. वही, पेन आणि भिंग घेऊन यायची. त्या दोघांसमोर हा पिवळा गाल ठेवायचा म्हणजे कलम पाच. हक्क संपला, कायमचा. जाऊ दे, ताईने स्वतःला सांगितलं, सुंठीवाचून खोकला गेला. मशीन खिडकीशी येईल. पंखा पाचवर फिरेल. पण मशीनवर बसली तर शिवण सरळ जाईना. मग पोचवायला कोण येणार, आणि न्यायला कोण येणार?

शनिवारी सकाळी तिने बाळाला गोधडीत गुंडाळलं आणि जुन्या मुलाम्याचं काम करणाऱ्या माणसाचं दुकान गाठलं. गावात तो एकटाच उरला होता. एका लोहाराच्या मागच्या बाजूला त्याची अरुंद खोली, भिंतीला घड्याळांचे सोनेरी सांगाडे टांगलेले, टेबलावर गॅसची शेगडी, ब्रश, आणि सोनं घासून चमकवायच्या, अकीक दगडाच्या टोकाच्या घोटण्या. मुलामेवाला सत्तरीचा, किडकिडीत, आणि जगावर कायमचा वैतागलेला. ताईने गोधडी उलगडली. त्याने बाळाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"पुन्हा?"

"पुन्हा म्हणजे? मी पहिल्यांदाच आलेय."

"तुम्ही पहिल्यांदा. हा नाही." त्याने शमादान आडवं केलं, संगमरवराखालचा नट सोडवला, आतली सळई ओढली आणि बैठक उलटी करून तिच्या नाकासमोर धरली. आतल्या बाजूला बारीक रेघा ओरखडल्या होत्या. दोन. "मी काम केलं की खूण करतो. माझ्या हातची वस्तू मी विसरत नाही. सोनं पाऱ्यात कालवून चढवलंय हे. चढवणाऱ्यांचे हात थरथरायला लागायचे त्या धुराने, दात पडायचे, माणसं मरायची. आणि इथे लोक उठतात आणि पुसून टाकतात! सोनं कुठे गेलं म्हणून काय विचारता, तुमच्या फडक्यावर गेलं."

"दोनदा कोण आलं होतं?" ताईने विचारलं.

"पहिला गृहस्थ फार जुना. कारकून असावा. खिशाला तीन पेनं, छत्रीला दोरी. शिक्क्याची शाई सांडली म्हणून त्याने काय केलं असेल? शाईच्या खोडरबराने खोडलं! सोनं! खोडरबराने! मी म्हटलं, गृहस्था, घरी जा आणि भिंतीवर लिहून ठेव, याला फडकंसुद्धा लावायचं नाही. त्याने ते वाक्य इथेच कागदावर उतरवून घेतलं."

ताईने समोरचं स्टूल ओढलं. ती बसली.

"आणि दुसरा?"

"दुसरा परवा परवा, दोन वर्षं झाली असतील. भला मोठा माणूस. एक चष्मा डोळ्यावर, एक डोक्यावर. त्याने याला चष्म्याच्या फ्रेमा धुवायच्या औषधात बुडवलं होतं. डागच डाग! इथे याच स्टुलावर बसला होता, रडवेला. म्हणाला, बायकोला कळता कामा नये, आणि बहिणीला तर मुळीच नाही." मुलामेवाल्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तुमच्या घरात ज्याला त्याला आपापला धंदा याच्यावर करून बघायची हौस दिसते. हे पॉलिश कुणाचं?"

"नवरा. अग्निशमन दल."

"वा! तुम्ही काय करता?"

"शिवणकाम."

"मग कृपा करा आणि याला टाके घालू नका."

तीन आठवडे लागतील, तो म्हणाला. उद्या? उद्या रंग फासणारे बाहेर पुष्कळ आहेत, तो फासत नाही. ताईने गोधडी पुन्हा बांधली आणि बाळ छातीशी धरून बाहेर पडली. रस्ताभर तिच्या डोक्यात वाफ कोंडली होती. बाबा! ज्यांनी तिला आठव्या वर्षी या बाळाला नुसतं बोट लावलं म्हणून दोन तास उभं केलं होतं, ते बाबा! आणि छोटू! दोन वर्षांपूर्वी याच छोटूने तिच्या दारात उभं राहून तिला ऐकवलं होतं की ताई, बैठकीच्या खाली धूळ आहे, जरा लक्ष देत जा. आपण बुडवून बसलेला, आणि वर तोंड करून मला धुळीचं सांगतो? चोराच्या उलट्या बोंबा!

घरी पोचेपर्यंत तिची भीती पार पळाली होती. कलम पाच लागतं तर आधी छोटूला लागतं. त्याचा हक्क दोन वर्षांपूर्वीच संपला. बाळाचा गाल पिवळा आहे तर असू दे, आधी तुझे डाग काढ! तिने आरशासमोर उभं राहून भाषण बसवलं. नवरा दारात उभा राहून ऐकत होता. "जरा लांबतंय," तो म्हणाला. तिने दार आपटलं.

रविवारी चारच्या ठोक्याला बेल वाजली. छोटू तिरका होऊन आत आला, मागून भावजय, काखेत वही.

"बऱ्या आहात ना वन्सं?" ती म्हणाली आणि लगेच खुर्ची ओढून बसली. "चला, सुरू करू या. तारीख घातली मी."

दरवेळी असंच व्हायचं. छोटूने एकेक शमादान हातात घ्यायचं, फिरवायचं, तो बोलणार, ती लिहिणार. डावीकडे बघणारं बाळ त्याने आधी घेतलं. "बैठक ठीक. पाय चारही ठीक. पंख ठीक." मग दुसरं उचललं.

ताई भिंतीला टेकून उभी होती. भाषण जिभेच्या टोकावर. आता हा म्हणेल, हे काय, आणि मग मी म्हणेन, खोडरबर, आणि मग म्हणेन, चष्म्याचं औषध. पाहणीसाठी पडदा सारला होता, आणि खिडकीतला उजेड नेमका त्या गालावर पडला होता. छोटूचा हात थांबला. त्याने डोक्यावरचा चष्मा खाली ओढला, गाल पाहिला, खांदा पाहिला, पंख पाहिला. मग मान वर करून बहिणीकडे पाहिलं. नवरा कोपऱ्यात अपराध्यासारखा उभा होता, त्याच्याकडेही पाहिलं.

"बैठक ठीक," छोटू म्हणाला. "पाय ठीक. पंख ठीक. मागच्यासारखंच सगळं. लिही."

ताईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

भावजय मात्र पुढे वाकली. "अहो, हा गाल पिवळा नाही वाटत? जरा भिंग..."

"उजेड पडलाय गं त्याच्यावर."

"छे, उजेडाने एवढं?"

"तुझा नंबर वाढलाय. मी कधीचं म्हणतोय. उद्या दुकानात ये, तपासू. लिही, जैसे थे." त्याने बाळाला भराभर फ्लॅनेलमध्ये गुंडाळलं, कधी गुंडाळलं नव्हतं इतक्या घाईने. "ताई, जरा पाणी दे गं."

पाणी समोर टेबलावरच होतं. तरी ताई मुकाट्याने आत गेली आणि तो तिच्या मागे. बोळात मशीन, मशीनवर पँटींचा ढीग, दोघांना उभं राहायला जेमतेम जागा.

"भाऊजींनी घासलं ना?" तो कुजबुजला. "मी सोमवारी नेतो एका माणसाकडे. तो करून देतो. तू काळजी करू नकोस. माझी ओळख आहे."

"माहितीये मला तुझी ओळख!" ताई फणकारली. सगळं भाषण होतं तसंच घशाशी आलं, पण सुरुवातच सापडेना. "एक चष्मा डोळ्यावर, एक डोक्यावर. रडत होतास म्हणे त्याच्या स्टुलावर बसून."

छोटूचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. चौपन्न वर्षांचा एवढा मोठा माणूस, पण खाली बघून पँटींच्या ढिगातला एक दोरा ओढत राहिला.

"तोडू नकोस, टाका उसवेल," ताई म्हणाली. "दोन वर्षं! दोन वर्षं तोंड शिवून बसलास, आणि वर मला धुळीचं ऐकवलंस! मला सांगितलं असतंस तर मी काय खाल्लं असतं तुला? बाबांनी स्वतः खोडरबर मारलं होतं त्याला, माहितीये? खोडरबर! कसली कलमं घेऊन बसलास!"

"बाबांनी?" त्याने मान वर केली. क्षणभर त्याला हसू फुटेल असं वाटलं, पण फुटलं नाही. "मला ते माहीत नव्हतं. मला कलम पाच माहीत होतं. हक्क संपला असता ना माझा."

"संपला असता तर संपला असता! हवीत कशाला तुला ती एवढी? तुझ्याकडे तरी कुठे जागा आहे? तुझी बायको मला फोनवर म्हणाली होती, सहा महिने टीव्ही बेडरूममध्ये हलवावा लागतो."

"मला शमादानं नकोच आहेत."

"मग?"

"ती नसती तर मी तुझ्याकडे कशाच्या निमित्ताने आलो असतो?"

बाहेर नवरा भावजयीला दाराची कडी कशी घासतात ते समजावून सांगत होता.

"अरे गाढवा," ती म्हणाली, "सख्ख्या बहिणीच्या घरी यायला कारण लागतं का?"

"लागतं," छोटू म्हणाला. रागाने नाही, नुसतं सांगितल्यासारखं. "तू मला नुसतं ये म्हणून शेवटचं कधी बोलावलंस, सांग बरं."

ताईने मनातल्या मनात आठवायला घेतलं. आईच्या आजारपणात फोन केला होता तो नवऱ्याने. नातवाच्या वेळी पेढे पोचवले ते शेजारणीच्या हातून, कारण हिच्या अंगावर काम होतं. त्यानंतर काय? शमादानं. त्याच्या आधी काय? शमादानं. अकरा वर्षं तिने मागे मागे जाऊन धुंडाळली, एक दिवस मिळेना. तिला स्वतःचा इतका संताप आला की तिने पँटींचा ढीग दोन्ही हातांनी उचलला आणि जमिनीवर टाकला, आणि मशीनपुढचं रिकामं स्टूल त्याच्याकडे ढकललं.

"पुढच्या रविवारी ये," ती जवळजवळ ओरडलीच. "आणि काही घेऊन येऊ नकोस. काही पोचवायला येऊ नकोस. जेवायला ये."

छोटू स्टुलावर बसला. त्याने दोन्ही चष्मे काढले, शर्टाच्या टोकाला डोळे पुसले, आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "किती वाजता?"